गाळलेल्या तेवीस नोंदी

नायजेरियातल्या एनुगू शहरी, त्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तीन माणसं काम करायची आणि तिघांचेही कान बंद असायचे. कानांवर हेडफोन, नजर पडद्यावर. सोमादिनाला आरितकडून काही हवं असलं, तर तो तिला ई-मेल पाठवायचा. आरित त्याच्यापासून सहा पावलांवर बसायची. तिचं उत्तरही ई-मेलनंच यायचं आणि त्यात वर 'नमस्कार' आणि खाली 'कळावे' असायचं. तिसरा ओबुम. तो खिडकीशी बसून नकाशे करायचा. तो तर कुणालाच काही पाठवत नसे.

भांडण म्हणाल तर नव्हतं. कुणाच्या घरी बाळ झालं की तिघं मिळून भेट न्यायचे. हार्मॅटनचे कोरडे वारे सुटून खोलीभर लाल धूळ बसली, की एकाच फडक्यानं आळीपाळीनं टेबलं पुसायचे. पण काम म्हटलं की प्रत्येकाची कोठडी वेगळी, आणि तिला आतून कडी.

हसू नका, मंडळी. आपल्या कचेऱ्यांत तरी याहून वेगळं काय चालतं? शेजारच्या टेबलावरचा माणूस काय करतो हे आपल्याला बढतीच्या यादीत त्याचं नाव आल्यावर कळतं.

हे तिघं डेटाचं काम करणारे. गावोगावचे आकडे यायचे, ते निवडायचे, पाखडायचे आणि त्यांवरून पुढं काय घडेल ते सांगायचं. त्यांच्या संस्थेकडं फिरत्या लसीकरण पथकाचं नियोजन होतं. चव्वेचाळीस गावांत पथकाचे थांबे होते. दर चार आठवड्यांनी, ठरलेल्या वारी, थंड पेटीत गोवराची लस घेऊन गाडी प्रत्येक थांब्यावर जायची. कुठं किती मुलं येतील, हे आधी सांगायचं काम सोमादिनाचं.

आणि तो हुशार होता, यात वाद नाही. वय एकतीस. त्यानं दोन वर्षं खपून संगणकावर एक मॉडेल उभं केलं होतं. ते जे सांगे, ते बहुतेक खरं ठरे. बहुतेक म्हणजे तेहतीस गावांत. उरलेल्या अकरा गावांत मुलं येतच नसत. दोनशे मुलांच्या गावात सहा यायची, कधी चार. लसीची कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते. तिथं ती निम्मी टाकून द्यावी लागे. सोमादिनानं त्या अकरा गावांपुढं लिहिलं होतं: 'पालक उदासीन. थांबा बंद करण्याची शिफारस.'

मागच्या वर्षी अशाच शिफारशीवरून दोन थांबे बंद झाले होते. आता शुक्रवारी नवा अहवाल लसीकरणाच्या संचालकांपुढं जायचा होता. त्यांची सही झाली की अकरा गावांचं नाव यादीतून जाणार होतं.

तो अहवाल आजवर दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांखालून गेलेला नव्हता.

* * *

सोमवारी कचेरीला नव्या प्रमुख बाई आल्या. इहुओमा अन्यादिके. वय अठ्ठावन्न, अंगानं भरलेल्या, डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला. हातात ओक्पाची पिशवी. कडधान्याच्या पिठाचा, केळीच्या पानात वाफवलेला तो गरम ओक्पा त्यांनी तिघांच्या टेबलांवर न ठेवता मधल्या रिकाम्या टेबलावर ठेवला आणि स्वतः तिथंच बसल्या. खायचा असेल तर उठून तिथं यावं लागत होतं.

आधी ओबुम आला. मग आरित. सोमादिना म्हणाला, "मॅडम, मी नंतर खाईन. अहवाल चाललाय."

"नंतर गार होतो तो. अहवाल गार झालेला चालतो." मॅडम म्हणाल्या. "ये."

खाताना त्यांनी आपली पद्धत सांगितली. इथून पुढं कोणतंही काम दुसऱ्यानं वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही. वाचायचं कसं, तेही ठरलेलं. ज्याचं काम आहे त्यानं गप्प बसायचं, संगणकाला हातसुद्धा लावायचा नाही. दुसऱ्यानं ते काम एकेक ओळ मोठ्यानं वाचायचं आणि तिचा अर्थ साध्या बोलीत सांगायचा. तिसऱ्यानं ऐकायचं आणि कळलं नाही तिथं थांबवायचं.

मला हे ऐकताना आपल्याकडची पोथी आठवली. वाचणारा एक असतो, उलगडून सांगणारा दुसरा, आणि ऐकणारी एखादी म्हातारी मध्येच विचारते, "बुवा, तो तिथं गेलाच कशाला?" तिथं बुवा क्षणभर थांबतात. निरूपण खरं रंगतं ते त्या थांबण्यानंतर.

"बुधवारी सोमाचा अहवाल वाचू," मॅडम म्हणाल्या.

सोमादिनाचा घास तोंडातच राहिला. दुपारी तो त्यांच्या खोलीत गेला.

"मॅडम, शुक्रवारची तारीख आहे. एकेक ओळ वाचत बसलो तर दिवस जाईल. काम पूर्ण झालं की दाखवतो सगळ्यांना."

"पूर्ण झाल्यावर दाखवलं तर लोक टाळ्या वाजवतात. अजून काय करणार?"

"आणि त्यांचं हे क्षेत्र नाही. आरित नोंदी साफ करते. ओबुम नकाशे करतो. मॉडेलमधलं त्यांना काय कळणार?"

"तुला त्यांच्या कामातलं काय कळतं?"

सोमादिना जायला म्हणून दाराकडं वळला.

"खरं काय ते सांग ना," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता. "भीती कसली वाटते?"

त्यानं दाराची मूठ धरली आणि सोडली. मग म्हणाला, "आधीच्या नोकरीत मी एकदा अर्धवट काम दाखवलं होतं. एक चूक होती त्यात, साधी. सगळे हसले. महिनाभर मला त्या चुकीच्या नावानं हाक मारत होते. तेव्हा ठरवलं, पुन्हा कुणाला अर्धं ताट दाखवायचं नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्याकडून एका पाहणीत एक वस्ती दोनदा मोजली गेली होती. तुझ्याएवढी होते मी. चूक कळली तोवर कागद वर गेले होते. मी कुणालाही बोलले नाही. सहा वर्षं ते पोटात ठेवलं, सोमा. वाटेत तिथल्या शेजारच्या वस्तीतलं कुणी दिसलं तर मी रस्ता बदलायची. दोनदा मोजलेली वस्ती मोठी दिसली म्हणून शेजारच्या वस्तीची विहीर तिकडं गेली. हसले असते लोक मला, महिनाभर हसले असते. पण शेजारच्या बायकांना पाणी मिळालं असतं." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "तुला हसणाऱ्यांनी वाईट केलं. पण तुझा राग त्यांच्यावर होता, आणि कडी तू यांच्यावर घातलीस. तुझं नाव कुणी ठेवलं?"

"आईनं."

"'मी एकटा नसावा,' असा अर्थ होतो त्याचा. त्या माउलीनं देवाकडं मागून ठेवलंय, आणि तू नको म्हणतोस."

सोमादिना कसनुसं हसला. पटलं नव्हतं त्याला. पण बाई वरिष्ठ होत्या.

* * *

बुधवारी तिघांच्या खुर्च्या मधल्या टेबलाशी आल्या. संगणकापुढं आरित बसली. ती कॅलाबार शहरातली. बोलायला लागली की थांबायची नाही, पण या खोलीत दोन वर्षांत तिला बोलायला कुणी भेटलं नव्हतं.

"ओगा," ती सोमादिनाला म्हणाली. साहेब म्हणून चिडवायचा तो शब्द. "हात मांडीवर ठेवा. मॅडमचा हुकूम आहे."

"ठेवलेत."

"मध्ये बोललात तर पुढच्या बुधवारी ओक्पा तुम्ही आणायचा."

पहिला तासभर वाचन सरळ गेलं. सोमादिना आतून ताणलेला होता, पण चूक निघत नव्हती. उलट ओबुम एकदोनदा म्हणाला, "न्ना, गड्या, हे झकास केलंयस तू. हे मला आधी माहीत असतं तर माझे दोन महिने वाचले असते." असं आपल्या कामाबद्दल कुणी शेवटचं कधी बोललं होतं, ते सोमादिनाला आठवेना. त्याचे खांदे जरा सैल झाले.

मग आरितनं एक ओळ वाचली आणि तिचा आवाज बदलला.

"'वेळापत्रकाबाहेरच्या नोंदी गाळा.'" तिनं मान वर केली. "म्हणजे?"

सोमादिनानं मॅडमकडं पाहिलं. त्यांनी मानेनं परवानगी दिली.

"काही भेटी ठरलेल्या तारखेला झालेल्या नाहीत," तो म्हणाला. "त्यांचे आकडे बाकीच्यांशी जुळत नव्हते. सहा मुलं येणाऱ्या गावात एकदम ऐंशी. कुणीतरी चुकीचं लिहिलं असणार. म्हणून काढून टाकले. तेवीसच नोंदी आहेत."

"चुकीचं लिहिलं?" आरित म्हणाली. "त्या नोंदी मी तपासल्या होत्या. प्रत्येकीसाठी परिचारिकेला फोन केला होता. प्रत्येकीपुढं शेरा लिहिलाय. पूल वाहून गेला, पथक दोन दिवसांनी पोचलं. पेट्रोल मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी गेलं. तुम्ही शेरे वाचले नाहीत?"

सोमादिना पडद्यावरच्या त्या रकान्याकडं पाहू लागला. "त्या रकान्यात मजकूर असतो. मॉडेलला मजकूर लागत नाही. मी तो रकाना उघडलाच नव्हता."

"दोन वर्षं," आरित सावकाश म्हणाली, "दोन वर्षं मी तो रकाना भरतेय. मला वाटायचं, कुणीतरी वाचत असेल."

टेबलावरचा पंखा तेवढा मान फिरवत होता. कुणी हसलं नाही, हे सोमादिनाच्या लक्षात आलं. हसले असते तर बरं, असंही त्याला वाटून गेलं.

"परत घाल त्या नोंदी," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बघू तर काय म्हणतात."

आरितनं तेवीस ओळी परत घातल्या. ओबुमनं खडू घेतला आणि भिंतीवरच्या फळ्यावर तिचे शेरे मांडायला लागला. ठरल्या दिवसाऐवजी एक दिवस उशिरा: एक्क्याऐंशी मुलं. दोन दिवस उशिरा: चौऱ्याहत्तर. तीन दिवस उशिरा: एकोणऐंशी.

"म्हणजे लोक येतात की," ओबुम म्हणाला. "ही गावं लांबही नाहीत. माझ्या नकाशात आठ महिन्यांपूर्वीच दिसलं होतं. कुठल्याही घरापासून थांबा वीस मिनिटांच्या चालीवर आहे."

"मग बोलला का नाहीस?" सोमादिनानं विचारलं.

"तू विचारलंस का?" ओबुम म्हणाला आणि मग स्वतःच खजील झाला. "नाही, माझंच चुकलं. मला वाटलं, तुझा प्रांत आहे."

"वार वाईट असेल," मॅडम म्हणाल्या. "ठरल्या वारी काही अडचण असेल त्यांना."

"नाही, हे बघा." आरितनं पडद्यावर बोट ठेवलं. "इथं गाडी बिघडली म्हणून बरोबर सात दिवसांनी गेले. वार तोच, बुधवार. मुलं सत्त्याहत्तर. मग वाराचा काय दोष? आणि हे त्याहून विचित्र. चार दिवसांनी गेले, रविवारी. मुलं पाच."

"आणि आठ दिवसांनी?" सोमादिना एकदम म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "आठ दिवस उशिराची एखादी नोंद आहे?"

आरितनं शोधली. "एकच आहे. मुलं चार."

चार दिवसांनी आकडे पडले. आठ दिवसांनी पडले. मधल्या दिवशी गर्दी. सोमादिना फळ्याकडं पाहत राहिला आणि त्याच्या डोळ्यांपुढं फळा नव्हताच. डोक्यावर यामच्या कंदांची टोपली घेऊन पहाटे घराबाहेर पडणारी त्याची आई होती, आणि दारात उभं राहून रडणारा पाच वर्षांचा तो स्वतः होता.

"न्क्वो!" तो म्हणाला. "आईचा न्क्वो असायचा, तसा त्या गावांचा बाजार आहे तो!"

एके, ओरिए, आफो, न्क्वो. एनुगूभोवतीच्या इग्बो मुलखाचा आठवडा चार दिवसांचा. यांतला एक दिवस प्रत्येक गावाच्या बाजाराचा, आणि त्या दिवशी गावातल्या झाडून सगळ्या बाया उजाडायच्या आत बाजारात. लेकरं पाठीला नाहीतर आजीजवळ. थांब्यावर यायचं कुणी?

ओबुमनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा. आणि आपण जातो दर अठ्ठावीस दिवसांनी. अठ्ठावीसला चारानं भाग जातो. एकदा बाजाराच्या दिवशी गेलो की जन्मभर बाजाराच्याच दिवशी जाणार!"

"चव्वेचाळीस गावं," मॅडम म्हणाल्या, "त्यांचा चौथा हिस्सा किती?"

अकरा, हे सगळ्यांना दिसत होतं.

"मला कसं सुचलं नाही?" सोमादिना खुर्चीत बसला. "आमच्या घरात आजही लग्नाचा दिवस, मयताचा दिवस या चार दिवसांवरून ठरतो. आईला फोन करताना मी आधी विचारतो, आज कोणता बाजार. आणि इथं बसलो की सात दिवसांच्या बाहेर माझं डोकंच जात नाही. त्या बायकांना मी उदासीन लिहिलं, मॅडम. माझ्या आईलाही तेच लिहिलं असतं."

* * *

तरी खात्री करून घ्यायला हवी होती. ओबुमकडं प्रत्येक गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेचा नंबर होता. मॅडम म्हणाल्या, "त्या अकरा गावांतली नको. मागच्या वर्षी बंद केलेल्या दोन गावांतल्या एकीला लाव."

फोन अमाकोफिया गावी लागला. तिथल्या स्वयंसेविकेचं नाव अकुओमा. वय झालेलं, म्हणून सगळे तिला न्ने म्हणायचे, म्हणजे आई.

"न्ने, मी लसीकरणाच्या कचेरीतून बोलतोय," सोमादिना म्हणाला.

"कुठली लस? आमचं नाव काढून टाकलंत ना तुम्ही? आता फोन कशाला, मेलेल्यांची खुशाली विचारायला?"

"न्ने, एकच विचारायचंय. पथक यायचं तो दिवस कोणता असायचा?"

"न्क्वो," ती ताडकन म्हणाली. "पुढं काय? आमचा बाजार न्क्वोचा. मी तुमच्या ड्रायव्हरला सांगितलं, बाबा, उद्या ये. तो म्हणाला, मला कागद सांगतो त्या दिवशी मी येतो. मग परिचारिकेला सांगितलं. ती म्हणाली, वेळापत्रक वरून येतं. वर कोण बसतं रे पोरा? त्याला आई आहे का?"

"आहे, न्ने. मीच बसतो वर."

म्हातारी म्हणाली, "बरं. आता कळलं ना? मग ये."

* * *

शुक्रवारी संचालक ओक्वुओसा यांच्या दालनात तिघं गेले. मॅडम आल्या नाहीत. "मी आले तर तुम्ही माझ्या मागं उभे राहाल," एवढंच म्हणाल्या.

"मी एकाला बोलावलं होतं," संचालक म्हणाले. करड्या मिशांचे, मितभाषी गृहस्थ. "तिघं कशाला?"

"काम तिघांचं आहे, साहेब," सोमादिना म्हणाला. यापेक्षा जुना अहवाल पुढं सरकवून सही घेणं किती सोपं होतं! कुणाला कधीच कळलं नसतं. त्यानं कागद पुढं ठेवला. "अकरा थांबे बंद करू नका. माझी शिफारस चुकीची होती. मागच्या वर्षीचीही. ते दोन थांबे माझ्यामुळं बंद झाले."

त्यानं सगळं सांगितलं, गाळलेल्या नोंदींसकट. काही झाकलं नाही.

संचालकांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे चूक तुमची."

"माझी."

"त्याची एकट्याची नाही, साहेब," आरित म्हणाली. "शेरे मी लिहिले. वाचले का, हे मी एकदाही विचारलं नाही. सहा पावलांवर बसत होते मी."

"गावं जवळ आहेत हे मला आठ महिने माहीत होतं," ओबुम म्हणाला.

सोमादिनानं वळून दोघांकडं पाहिलं. हे ठरलेलं नव्हतं. त्याला खाली मान घालावी लागली.

संचालक मिशीवरून बोट फिरवत तिघांकडं आलटून पालटून पाहत होते. "बावीस वर्षं मी या खुर्चीत चुका ऐकतोय," ते म्हणाले. "येणारा प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. एका चुकीसाठी तीन मालक आज पहिल्यांदा पाहिले." त्यांनी पेन उचललं. "अकरा थांबे राहतील. दिवस बदला. बंद केलेल्यांपैकी एक गाव प्रयोगाला देतो. तिथं माणसं आली, तर दुसरंही उघडीन. नाही आली, तर मला पुन्हा तोंड दाखवू नका."

* * *

प्रयोगाला अमाकोफिया निवडलं. न्क्वोच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकेच्या दिवशी. किती डोस न्यायचे यावर आदल्या दिवशी मधल्या टेबलाशी चांगलीच जुंपली. सोमादिना म्हणत होता चाळीस, जुन्या आकड्यांवरून. आरित म्हणत होती, जुने आकडेच तर चुकीच्या दिवसांचे. शेवटी ओबुमनं न्नेला फोन लावला. ती म्हणाली, "नव्वद आण. उरले तर मला टोच." नव्वद न्यायचं ठरलं. सोमादिनाचं मत पडलं, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

तीन तास लाल रस्त्यानं जाऊन गाडी गावात शिरली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. शाळेच्या आवारात आंब्याखाली रांग लागलेली होती. पाठीला बांधलेली लेकरं, कडेवरची लेकरं, आजीचं बोट धरलेली लेकरं. रांग कुंपणाच्या बाहेर जाऊन वळली होती.

"आज बरी वाट सापडली?" एक तरुण आई सोमादिनाकडं पाहून म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्हाला बाजारातलंच काही घ्यायचं असायचं, म्हणून न्क्वोला येता." रांगेत खसखस पिकली. लोक हसत होते, आणि त्याच्याच चुकीला हसत होते. सोमादिनाही हसला.

न्ने अकुओमा बुटकी होती, काठी टेकत आली. तिच्या हातात शाळेची एक वही होती. थांबा बंद झाल्यापासून अकरा महिने ती गावातल्या लस राहिलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्या वहीत लिहीत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती वही कुणी वाचेल अशी आशाही नव्हती.

"शहाऐंशी आहेत," ती म्हणाली. "यातली दोन गोवरानं आजारी पडून उठली. देवानं राखली." तिनं वही पुढं केली आणि तिघांच्या तोंडाकडं पाहिलं. "फोनवर बोलणारा कोण तुमच्यातला?"

सोमादिना पुढं झाला. त्यानं दोन्ही हातांनी वही घेतली, गुडघ्यात वाकला, जसं आपल्या आईपुढं वाकायचं तसं. "मी, न्ने. आम्हाला माफ कर."

"आम्हाला म्हणालास, ते बरं केलंस," म्हातारी म्हणाली. "एकट्या माणसावर रागवायला मला आता जोर नाही. चला, उन्हं चढतील."

मग आरित नावं वाचू लागली, सोमादिना एकेका नावापुढं खूण करू लागला आणि ओबुम घाबरलेल्या पोरांना नकला करून हसवू लागला. दुपारपर्यंत शहाऐंशी खुणा झाल्या. चार डोस उरले. न्नेनं दंड पुढं केला, तेव्हा परिचारिका म्हणाली, "न्ने, तुझ्या वयाला नसतो हा," आणि ते चार डोस शेजारच्या वाडीतून आलेल्या लेकरांना दिले. आठवड्याभरात दुसऱ्या बंद गावाचा कागदही सहीनिशी आला.

मंडळी, यातलं मॉडेल आता कुणाला काही वेगळं वाटत नाही. एक रकाना वाढला, बाजाराच्या दिवसाचा, इतकंच. पण मी जेव्हा जेव्हा ही गोष्ट सांगतो, तेव्हा माझे हात जोडले जातात ते त्या हुशारीपुढं नाही. जोडले जातात ते तीन माणसांनी आपापली कडी काढली, त्यापुढं. एकाकडं आकडे होते, एकीकडं शेरे होते, एकाकडं रस्ते होते, आणि गावातल्या म्हातारीकडं तर सगळंच होतं. सत्य त्यांच्यात वाटून ठेवलेलं होतं. देव ते असंच वाटून ठेवतो, म्हणजे ते मिळवायला एकमेकांकडं जावं लागावं.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या हातात आज जे काम आहे, अजून कच्चं आहे, दाखवायची लाज वाटते असं आहे, ते उचला आणि शेजारी बसणाऱ्याच्या पुढं ठेवा. त्याला ते मोठ्यानं वाचू द्या. तुम्ही गप्प बसा. आणि तो जिथं अडखळेल, तिथं रागावू नका. तिथंच कुणाचं तरी लेकरू रांगेबाहेर उभं असेल.